पुलाच्या या बाजूचे मतदार

नोव्हेंबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षपदाचा निकाल लागला तेव्हा टेक्सासमधल्या स्टार काउंटीचे नाव एकाएकी सगळीकडे झळकले. काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा. ही काउंटी रिओ ग्रांदे नदीच्या काठी आहे आणि नदीपलीकडे मेक्सिको. इथली शंभरातली जवळपास सत्त्याण्णव माणसे लॅटिनो. २०१६ मध्ये इथे हिलरी क्लिंटन यांना ७९ टक्के मते मिळाली होती आणि डोनाल्ड ट्रम्प यांना १९ टक्के. आठ वर्षांनी त्याच ट्रम्प यांना सुमारे ५८ टक्के मते पडली. १८९२ नंतर रिपब्लिकन उमेदवार इथे प्रथमच जिंकला. आणि त्या उमेदवाराने उघडपणे दिलेले वचन होते ते देशाच्या इतिहासातली सर्वांत मोठी हकालपट्टी करण्याचे.

त्यानंतर एक प्रश्न मी इतक्या वेळा ऐकला आणि वाचला की त्याचा मागोवा घ्यावासा वाटला. ‘ही माणसे आपल्याच माणसांविरुद्ध मत कशी देतात?’ प्रश्न वरवर सरळ दिसतो. पण ‘आपली माणसे’ कोण, हे विचारणाऱ्याने आधीच ठरवून टाकलेले असते. ज्यांचे आजोबा-पणजोबा सीमेपलीकडून आले, त्यांना सीमेपलीकडून येणारा प्रत्येक जण आपला वाटलाच पाहिजे, असे त्यात गृहीत असते. लॅटिनो मतदारांचा गेल्या शंभर वर्षांचा इतिहास वाचताना हे गृहीत मला कुठेच टिकलेले दिसत नाही. त्याऐवजी दुसरेच काहीतरी सातत्याने दिसते. तेच इथे मांडायचे आहे.

सुरुवात १८४८ पासून करावी लागते. मेक्सिकोचा युद्धात पराभव झाला, ग्वादालूपे इदाल्गोचा तह झाला आणि कॅलिफोर्नियापासून न्यू मेक्सिकोपर्यंतचा प्रचंड मुलूख अमेरिकेकडे गेला. टेक्सास त्याआधीच, १८४५ मध्ये, अमेरिकेत सामील झाले होते. या मुलखात राहणाऱ्या मेक्सिकन लोकांना तहाने नागरिकत्वाचा पर्याय दिला. म्हणजे या समाजातल्या पहिल्या पिढीने सीमा ओलांडलीच नव्हती, सीमाच त्यांच्या अंगणातून पुढे गेली होती. नागरिक म्हणून ते अमेरिकन होते, पण व्यवहारात मेक्सिकनच राहिले. जमिनी गेल्या आणि शाळा वेगळ्या झाल्या. टेक्सासने १९०२ मध्ये मतदानासाठी डोईपट्टी लावली, ती भरणे शेतमजुराला परवडत नसे. मग रँचवाला किंवा गावचा पुढारी ती भरून टाकी आणि मताचा मालक होई. दक्षिण टेक्सासमधल्या या पुढाऱ्यांना ‘पात्रोन’ म्हणत. १९४८ मध्ये लिंडन जॉन्सन सेनेटची प्राथमिक निवडणूक अवघ्या ८७ मतांनी जिंकले. जिम वेल्स काउंटीतल्या १३ क्रमांकाच्या पेटीत मागाहून वाढलेली मते पात्रोनच्याच कृपेची होती. स्टार काउंटीची डेमोक्रॅटिक पक्षावरची शंभर वर्षांची निष्ठा अशा व्यवस्थेतही घडलेली आहे, हे ध्यानात ठेवायला हवे.

या परिस्थितीतून वर येऊ पाहणाऱ्या मध्यमवर्गाने १९२९ मध्ये टेक्सासच्या कॉर्पस क्रिस्टी शहरात एक संघटना काढली. लीग ऑफ युनायटेड लॅटिन अमेरिकन सिटिझन्स, म्हणजेच लुलॅक. नावातला शेवटचा शब्द महत्त्वाचा. सदस्यत्व फक्त अमेरिकन नागरिकांना होते आणि संघटनेची अधिकृत भाषा इंग्रजी होती. मेक्सिकन नागरिकांना, मग ते शेजारी असोत वा सोयरे, बाहेर ठेवले गेले. आज हे कठोर वाटते. पण त्या लोकांचा हिशेब समजून घेण्यासारखा आहे. गोऱ्या टेक्सासला नागरिक मेक्सिकन आणि परका मेक्सिकन यांत फरक दिसत नव्हता. तो दिसावा यासाठी आधी आपण तो काटेकोरपणे पाळून दाखवू, असे त्यांना वाटले.

तो फरक सरकारला दिसला नाही. १९३० च्या जनगणनेत ‘मेक्सिकन’ ही एक स्वतंत्र वंश-नोंद केली गेली. लुलॅक आणि मेक्सिकन सरकार या दोघांच्या विरोधानंतर १९४० मध्ये ती काढली. त्याच दशकात महामंदीने कामे गेली तेव्हा शहरोशहरी ‘मायदेशी पाठवणी’ सुरू झाली. आगगाड्या भरभरून माणसे मेक्सिकोला रवाना झाली. किती, याचे अंदाज चार लाखांपासून दहा लाखांच्याही पुढे जातात. त्यांच्यातला मोठा हिस्सा अमेरिकेत जन्मलेल्या, म्हणजे जन्माने नागरिक असलेल्या मुलांचा होता. कॅलिफोर्निया राज्याने याबद्दल कायदा करून माफी मागितली ती २००५ मध्ये.

दुसऱ्या महायुद्धात मजूर कमी पडले आणि चक्र उलटे फिरले. १९४२ मध्ये सुरू झालेल्या ‘ब्रासेरो’ योजनेतून १९६४ पर्यंत मेक्सिकन मजुरांशी पंचेचाळीस लाखांहून अधिक करार झाले. त्यांच्या बरोबरीने नदी पोहून, विनाकरार येणारेही वाढले. त्यांना हिणवून ‘वेटबॅक’ म्हणत, म्हणजे ओल्या पाठीचे. शेतमालकाला दोन्ही सोयीचे होते. करारवाला आवाज करू शकत नसे आणि ओल्या पाठीच्याला मजुरीच्या दिवशी पोलिसांची भीती दाखवता येई. मार बसत होता तो तिसऱ्याला. त्याच शेतांत राबणारा मेक्सिकन-अमेरिकन नागरिक हा तो तिसरा.

युद्धावरून परतलेल्या सैनिकांची अमेरिकन जी. आय. फोरम ही संघटना डॉ. हेक्टर गार्सिया यांनी १९४८ मध्ये कॉर्पस क्रिस्टीतच काढली. फिलिपाइन्समध्ये धारातीर्थी पडलेल्या फेलिक्स लोंगोरिया या शिपायाचे शव अंत्यदर्शनासाठी ठेवायला त्याच्या गावच्या अंत्यविधीगृहाने नकार दिला, त्यावर आवाज उठवणारी हीच संघटना. लोंगोरियाचे दफन शेवटी आर्लिंग्टनच्या राष्ट्रीय दफनभूमीत झाले. आणि याच संघटनेने १९५३ मध्ये टेक्सासच्या कामगार महासंघाबरोबर ‘व्हॉट प्राइस वेटबॅक्स?’ ही पुस्तिका छापली. नदी ओलांडून येणारे मजुरी पाडतात, रोगराई आणतात, सीमा बंद करा, असा तिचा सूर. शिवी नावातच होती. लोंगोरियासाठी लढणारे आणि ही पुस्तिका छापणारे एकच लोक आहेत, हे पचवल्याशिवाय पुढचा इतिहास समजत नाही, असे मला वाटते.

१९५४ मध्ये सरकारने खरोखरच ‘ऑपरेशन वेटबॅक’ नावाची मोहीम काढली. दहा लाखांहून अधिक माणसे गेली, असा दावा सरकारने केला. इतिहासकार तो आकडा फुगवलेला मानतात. पण धाडी पडल्या त्या मेक्सिकन दिसणाऱ्यांच्या वस्त्यांवर, आणि त्यांत नागरिकही सापडले. सीमा बंद करा म्हणणाऱ्यांच्या दारातही शिपाई उभे राहिले.

आता पुन्हा स्टार काउंटीत येऊ. १ जून १९६६ रोजी इथल्या खरबुजाच्या मळ्यांतल्या मजुरांनी संप पुकारला. मागणी होती तासाला सव्वा डॉलरची. ते रिओ ग्रांदे खोऱ्यातून राजधानी ऑस्टिनपर्यंत उन्हातान्हात पायी चालत गेले. गव्हर्नर जॉन कॉनली यांनी वाटेत गाठून त्यांना सांगितले की विधिमंडळाचे खास अधिवेशन बोलावणार नाही. टेक्सास रेंजर्सनी संपकऱ्यांना दिलेल्या वागणुकीचा खटला पुढे सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९७४ मध्ये मजुरांच्या बाजूने लागला. तोवर संप कधीच मोडला होता. मोडण्याचे मोठे कारण नदीवरचा पूल होता. मेक्सिकोत राहणारे, पण अमेरिकेत काम करण्याचे ग्रीन कार्ड असलेले मजूर रोज सकाळी रोमा गावच्या पुलावरून येत आणि संपावर गेलेल्यांच्या जागी उभे राहत. संपकऱ्यांनी तो पूल अडवला आणि अटका झाल्या. अडवणारे आणि अडवले गेलेले एकच भाषा बोलत होते. कित्येकांचे आडनावही एकच असेल.

कॅलिफोर्नियात सेसार चावेस यांच्यापुढेही हाच पेच होता. शेतमजुरांच्या हक्कांसाठी उपास करणारा, गांधींना मानणारा हा नेता आपल्याकडेही ओळखीचा आहे. त्यांच्या संघटनेचे संप मोडायला मालक कागदपत्रांविना आलेले मजूर आणत. १९७४ मध्ये संघटनेने अशा मजुरांची नावे सरकारला कळवण्याची मोहीमच काढली. ॲरिझोनाच्या सीमेवर तर चावेस यांच्या चुलतभावाच्या देखरेखीखाली संघटनेची माणसे पहाऱ्याला उभी राहिली आणि येणाऱ्यांना मारहाण झाल्याचे आरोप झाले. याला समाजातूनच विरोध झाला. बर्ट कोरोना या जुन्या कामगार नेत्याचे म्हणणे असे, की कागद नसलेल्या मजुराला संघटनेत घ्या, म्हणजे तो मालकाच्या हातचे हत्यार राहणार नाही. चावेस यांनी पुढे आपली भूमिका बदलली आणि अशा मजुरांना कायदेशीर दर्जा द्यावा असे म्हटले. आज लॅटिनो संघटनांची जी एकमुखी भूमिका दिसते, ती या भांडणातून निघाली आहे. ती आधीपासून नव्हती.

‘बेकायदा’ हा शब्द इतका मोठा कसा झाला, याच्याशी आपलाही थोडा संबंध आहे. १९६५ च्या स्थलांतर कायद्याने अमेरिकेने वंशावर बेतलेला कोटा काढला. मुंबई-पुण्याचे डॉक्टर आणि इंजिनिअर तिकडे जाऊ लागले ते या कायद्यामुळे. आपल्या घराघरांत त्याची आठवण दार उघडणारा कायदा अशी आहे. पण याच कायद्याने पश्चिम गोलार्धातून येणाऱ्यांवर प्रथमच वर्षाला १ लाख २० हजारांची मर्यादा घातली, आणि १९७६ मध्ये दर देशाला वीस हजारांची. ब्रासेरो योजना त्याच्या आदल्याच वर्षी बंद झाली होती. मळे तेच होते, मजूर तेच होते, त्यांची ये-जा तीच होती. बदलला फक्त तिचा कायद्यातला दर्जा.

राजकारणात या समाजाला आकार आला तो सत्तरच्या दशकात. १९७५ मध्ये मतदान हक्क कायद्याचे संरक्षण भाषिक अल्पसंख्याकांना मिळाले आणि स्पॅनिशमध्ये मतपत्रिका आल्या. त्याच सुमारास सॅन अँटोनिओच्या विली वेलास्केस यांनी घरोघर मतदार नोंदणी सुरू केली. १९८० च्या जनगणनेत प्रत्येकाला विचारले गेले, तुम्ही हिस्पॅनिक मूळाचे आहात का? एका चौकटीत मेक्सिकन, पोर्तो रिकन, क्युबन सगळे आले. स्थलांतराच्या प्रश्नात मात्र त्यांचे काहीच सारखे नव्हते. पोर्तो रिकन माणूस १९१७ पासून जन्माने नागरिक, त्याला व्हिसाशी कर्तव्य नाही. क्युबन माणसासाठी १९६६ चा खास कायदा, कम्युनिस्ट राजवटीतून आला म्हणून वर्षा-दोन वर्षांत कायम वास्तव्य. मेक्सिकन माणसासाठी रांग. १९८९-९० मध्ये रोडोल्फो दे ला गार्सा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या तिन्ही गटांची मोठी पाहणी केली. देशात फार स्थलांतरित येत आहेत, असे तिन्ही गटांतल्या बहुसंख्य नागरिकांनी सांगितले. आणि ‘लॅटिनो’ किंवा ‘हिस्पॅनिक’ म्हणवून घेण्यापेक्षा आपल्या मूळ देशाचे नाव लावणे बहुतेकांना पसंत होते.

याच्या थोडेच आधी, १९८६ मध्ये, रोनाल्ड रेगन यांनी सही केलेल्या कायद्याने सुमारे २७ लाख लोकांना कायदेशीर दर्जा दिला होता. रेगन रिपब्लिकन. म्हणजे पक्षांच्या भूमिकाही आजच्यासारख्या नव्हत्या.

मग हा समाज एकवटला कधी? उत्तर कॅलिफोर्नियात मिळते. १९९४ मध्ये तिथे १८७ क्रमांकाचा प्रस्ताव जनमताला आला. कागद नसलेल्यांना सरकारी शाळा, दवाखाने, मदत बंद. आणि शिक्षक-डॉक्टरांनी संशय येईल त्याची खबर द्यायची. सुरुवातीच्या चाचण्यांत लॅटिनो मतदारांचाही बराच मोठा हिस्सा प्रस्तावाच्या बाजूने होता. मग रिपब्लिकन गव्हर्नर पीट विल्सन यांच्या प्रचाराची जाहिरात टीव्हीवर आली. सीमेवरच्या वाहनांमधून धावत सुटलेल्या माणसांचे धूसर चित्र, आणि ‘ते’ येतच आहेत असे सांगणारा आवाज. शिक्षकाला संशय कुणाचा येणार? नाव, रंग, उच्चार यांवरूनच ना? प्रश्न कागदाचा राहिला नाही, चेहऱ्याचा झाला. प्रस्ताव ५९ टक्के मतांनी मंजूर झाला, पण लॅटिनो मतदारांपैकी चारांतले तीन विरोधात गेले. न्यायालयाने तो अडवला. पुढच्या दोन वर्षांत देशभर नागरिकत्वाचे अर्ज विक्रमी संख्येने आले आणि नव्या नागरिकांनी मतदार यादीत नावे घातली. ॲलेक्स पदिया या इंजिनिअरने या प्रस्तावामुळे राजकारणात पाऊल टाकले. आज ते कॅलिफोर्नियाचे सेनेटर आहेत.

याउलट टेक्सासमध्ये जॉर्ज बुश यांनी हा सूर टाळला, मोडकेतोडके का होईना स्पॅनिश बोलले, आणि २००४ मध्ये देशभरातली चाळीस टक्के किंवा थोडी जास्तच लॅटिनो मते मिळवली. त्याच वर्षी ॲरिझोनात मतदार नोंदणीला नागरिकत्वाचा पुरावा मागणारा आणि सरकारी मदतीवर बंधन घालणारा प्रस्ताव आला, तेव्हा मतदानोत्तर पाहणीनुसार सुमारे ४७ टक्के लॅटिनोंनी त्याच्या बाजूने मत दिले. साधारण वर्षभराने कागद नसणे हाच फौजदारी गुन्हा ठरवणारे विधेयक प्रतिनिधीगृहात मंजूर झाले आणि २००६ च्या वसंतात लाखो माणसे रस्त्यावर आली. २०१२ मध्ये मिट रॉम्नी यांनी लोक आपणहून निघून जातील अशी परिस्थिती आणू म्हटले आणि त्यांना २७ टक्क्यांवर समाधान मानावे लागले. दुसरीकडे बराक ओबामांच्या काळात हकालपट्टीचा आकडा वर्षाला चार लाखांच्या घरात गेला तरी त्यांना ७१ टक्के मते मिळाली.

या सगळ्या घटना शेजारी शेजारी ठेवल्या की मला एक सूत्र दिसते. या मतदाराचे मत धोरणाच्या कडकपणावर फारसे ठरलेले नाही. कडक सीमा त्याला पुष्कळदा हवीच होती, कारण मजुरीची स्पर्धा त्याच्याच वाट्याला होती. ठरले ते रोखलेले बोट कुणाकडे आहे यावर. बोट पुलापलीकडच्या माणसाकडे आहे असे वाटले, तेव्हा त्याने पगार, भाव, शाळा, चर्च पाहून मत दिले. बोट आपल्या चेहऱ्याकडे वळले असे वाटले, तेव्हा तो त्या पलीकडच्याच्या शेजारी जाऊन उभा राहिला.

२०२४ मध्ये बोट पलीकडे आहे असे अनेकांना वाटले. देशभरात ट्रम्प यांना लॅटिनो मतांपैकी ४६ ते ४८ टक्के मिळाली. स्टार काउंटीत महागाईचा प्रश्न होता. खोऱ्यातल्या तरुणाला बऱ्या पगाराची नोकरी मिळते ती तेलविहिरींवर किंवा सीमा गस्ती दलात, आणि त्या दलातले सुमारे निम्मे जवान लॅटिनो आहेत. त्यातच, वीस-तीस वर्षे कागदांविना कर भरणाऱ्या नातेवाइकाला काही मिळाले नाही आणि काल आलेल्याला आश्रयाचा अर्ज करून कामाचा परवाना मिळाला, ही बोच अनेक घरांत होती. डेमोक्रॅटिक पक्षाने दर निवडणुकीला सुधारणेचे वचन दिले होते. २०१३ मध्ये सेनेटने ६८ विरुद्ध ३२ मतांनी संमत केलेले विधेयक रिपब्लिकन प्रतिनिधीगृहाने पटलावरही घेतले नाही. त्या अपयशाचा जाब मात्र वचन देणाऱ्यालाच विचारला गेला.

पण लुलॅकच्या काळापासून अनुत्तरित राहिलेला प्रश्न उरतोच. मतदार मनात जी रेघ ओढतो, ती सरकार पाळते का? १९३१ मध्ये पाळली नाही, १९५४ मध्ये पाळली नाही. २०२५ च्या उन्हाळ्यात लॉस एंजेलिसमध्ये गाड्या धुणारे आणि नाक्यावर कामासाठी उभे असणारे धरले जाऊ लागले. नुसता वंश, भाषा, कामाचे ठिकाण पाहून कुणाला अडवू नका, असे एका न्यायालयाने बजावले. सप्टेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती मनाई तूर्त उठवली. अडवल्या गेलेल्यांत नागरिकही होते. दोनच महिन्यांनी न्यू जर्सीच्या गव्हर्नरपदाच्या निवडणुकीत, मोठी लॅटिनो वस्ती असलेली आणि वर्षापूर्वी ट्रम्प यांच्याकडे गेलेली पसेइक काउंटी पुन्हा डेमोक्रॅटिक उमेदवाराकडे वळली.

म्हणून स्टार काउंटीच्या मतदाराला कृतघ्न म्हणणे मला जमत नाही. त्याच्या आजोबांनी सव्वा डॉलरसाठी तो पूल अडवला होता आणि त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. पुलावरून येणाऱ्याचेही खोटे नव्हते. दोघांना एकमेकांसमोर उभे करून खरबुजे स्वस्तात काढून घेणारा त्या दिवशी पुलावर आलाच नव्हता. गेल्या शंभर वर्षांत दोन्ही पक्षांनी या मतदाराकडे पुलावरच्या बाचाबाचीत बाजू घ्यायला सांगितले. त्या तिसऱ्याविषयी त्याला कुणी फारसे विचारलेले नाही.